निर्व्यसनी पोराची परीक्षा

स्थळ आणणारा प्रत्येक जण मुलगा निर्व्यसनी आहे असंच सांगतो. त्यातलं खरं किती, हे मंठ्याच्या गिरिजाबाई ठरवत. भावकीत कुठंही पोरगं मुलगी बघायला येणार असलं, की सकाळीच जीप पाठवून त्यांना आणवत. तोंडाचा वास घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. वेलदोडा खाऊन कोणीही वास लपवतो, म्हणायच्या. त्यांची रीत वेगळी. पोराला गप्पांत असं गुंतवायचं की जागचं हलूच द्यायचं नाही. ज्याला काही लागतं तो हळूहळू कासावीस होतो, जांभया देतो, मांडी हलवतो आणि शेवटी "आत रेंज न्हाई" म्हणत फोन घेऊन बाहेर पळतो. पळाला की नापास. एक बिचारा लघवीला गेला होता, तोही नापास झाला.

स्वतः गिरिजाबाई मात्र दिवसभर मिसरी लावत. भाजलेल्या तंबाखूची ती काळी भुकटी कमरेच्या पिशवीतल्या डबीत कायम असे. कोणी बोललंच तर म्हणत, "व्यसन कशाचं गं? दात घासून राह्यले!" इतकं घासूनही पुढचे दात कुठं गेले, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

या खेपेला बैठक वाटूरला, त्यांच्या धाकट्या भावाच्या, बद्रीनाथच्या घरी होती. त्याच्या शीतलची आधीची स्थळं आत्याच्या परीक्षेतच गेली होती. भोकरदनला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा हा हरिओम तिला फोटोतच आवडला होता. आत स्वयंपाकघरात तिचा जीव टांगणीला लागला होता.

हरिओमने बसल्याबसल्याच सांगून टाकलं, "आत्या, मी गुटखा खायचो. लय खायचो. डॉक्टरकडं जाऊन सोडला. अजूनबी कधीमधी आठवण येते."

बद्रीनाथचा चेहरा पडला. गिरिजाबाईंनी खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले होते, पण खरं बोलणाऱ्याचं काय करायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. "बघू की," म्हणत त्यांनी बैठक लांबवली.

पोहे झाले, चहा झाला, तूर-कपाशीचं बोलून झालं. पोरगं हलेना. गिरिजाबाईंचा हात कमरेला गेला आणि तिथंच थांबला. डबी मंठ्यालाच राहिली होती! मग जांभया सुरू झाल्या. पाय हलायला लागला. चहात साखर जास्त झाली म्हणून त्या बद्रीनाथवर उगाच खेकसल्या. शेवटी उठल्या.

"माझ्या पोरीला फोन करून येते. आत रेंज न्हाई."

नियम सगळ्यांना पाठ होता.

हरिओम हसला नाही. पाण्याचा तांब्या घेऊन तो मागोमाग ओसरीवर गेला.

"आत्या, डबी इसरली का?" त्याने हळूच विचारलं. "मलाबी असंच व्हायचं. घरच्यांवर भडकायचो. मला वाटायचं, आपला सोभावच तापट. डॉक्टर म्हणले, सोभाव न्हाई, तलब हाये. पाणी प्या, जरा दम धरा. जाते ती."

त्याला फाडून खावं असं गिरिजाबाईंना वाटलं. पण फोन करायला आलेल्या त्यांच्या हातात फोनच नव्हता, आणि ते या पोराने पाहिलं होतं. त्यांना लाज वाटली. खूप वाटली. त्या तांब्या घेऊन पाणी प्यायल्या.

तेवढ्यात बद्रीनाथ बाहेर आला. "आक्का, पोरगं जागचं उठलं की! मंग नापास धरायचं का?"

"नापास मी झाले, बद्री," गिरिजाबाई म्हणाल्या. "ते तर मला पाणी द्यायला उठलं. शीतलला बोलाव भायेर."