नलूमावशीनं मागितलेली दुसरी सुनावणी

विनायककाकांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. "नलू गेली गं... सकाळी," एवढंच म्हणाले. बाहेर टेक्सासमधल्या शुगर लँडचं दमट ऊन, काचेवर वाफ धरलेली. गाडी बंद करायचं भानच राहिलं नाही.

नलूमावशी माझ्या आईची मैत्रीण. लग्न होऊन काकांबरोबर नागपूरहून इथे आली आणि मुलं मोठी झाल्यावर लॉ स्कूलला गेली. राजकारणापायी ज्यांना मायदेशात जिवाची भीती आहे आणि ज्यांचा आश्रयाचा अर्ज इथे फेटाळला गेलाय, अशांची अपिलं ती लढायची.

एर्नेस्तो त्यांपैकीच. मध्य अमेरिकेतल्या एका छोट्या देशात तो रेडिओवर बोलायचा; सरकारनं उचलून नेलेल्या माणसांची नावं रोज संध्याकाळी वाचून दाखवायचा. त्याला बेदम मारलं, रेडिओ स्टेशन जाळलं. इथल्या इमिग्रेशन जज्जला मात्र ते गावातलं खाजगी भांडण वाटलं. वरच्या बोर्डानंही तेच उचलून धरलं. उरलं फेडरल कोर्ट. तिथे नवा पुरावा चालत नाही, साक्षीदार नाही. खाली जे नोंदलं गेलं त्यावरच बोलायचं.

ते कोर्ट न्यू ऑर्लिन्सला. मीच तिला ड्राइव्ह करून नेलं. दलदलीवरच्या लांबच लांब पुलावर धुकं उतरलं होतं, पाण्यातली झाडं तरंगल्यासारखी दिसत होती...

"एर्नेस्तो येणार ना?" मी विचारलं.

"नाही गं, तो डिटेन्शनमध्ये, कोंडलेला. त्याच्याबद्दल सगळे बोलणार, फक्त तोच नसणार."

कोर्टात एका जज्जनं विचारलं, "हा तर नुसती नावं वाचत होता. यात राजकीय मत कुठे आलं?"

मावशी म्हणाली, "युवर ऑनर, नुसती नावंच असती तर स्टेशन कशाला जाळलं असतं?"

काही महिन्यांनी निकाल आला. राजकीय कारणाचा नीट विचार झालेला नाही, म्हणून केस खाली परत पाठवली होती. आश्रय नाही, नवी सुनावणी.

"मग जिंकलीस की नाही?" काकांनी विचारलं.

"ऐकून तर घेतील आता," ती म्हणाली.

त्या सुनावणीआधीच तिचं हृदय थांबलं. तिच्या सहकारी वकिलानं केस पुढे चालवली आणि एर्नेस्तोला आश्रय मिळाला.

सुटल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तो मावशीच्या घरी आला. काकांना स्पॅनिश येत नाही, त्याचं इंग्लिश मोडकंतोडकं. काकांनी त्याला तिच्या अभ्यासाच्या खोलीत नेलं, तिच्या खुर्चीवर बसवलं. आम्ही चहा घेऊन गेलो तर तो बसल्या बसल्या झोपलेला, पायांत बूट तसेच. डिटेन्शनमध्ये दिवे कधी विझत नाहीत, असं मावशी सांगायची. काकांनी पडदे ओढले, दिवा मालवला...

"झोपू दे त्याला," म्हणाले, आणि दार हळूच लोटून घेतलं.