तेलाचा काटा आणि ज्ञानू हवालदार

ज्ञानू हवालदार इंजिन दातांनी ऐकत. बाभळीच्या हातभर काठीचे एक टोक चालू इंजिनाच्या अंगाला लावलेले, दुसरे दातांत घट्ट धरलेले आणि डोळे मिटलेले, असा मनुष्य मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटले की हा कसला तरी नवस फेडतो आहे. मागाहून कळले की लढाईत, वाळवंटातल्या लष्करी कारखान्यात मोटारी दुरुस्त करताना, जवळच बॉम्ब पडला आणि त्यांचे दोन्ही कान गेले. इंजिनातली खडखड काठीतून दातांत आणि दातांतून डोक्यात जाते, असे ते सांगत. सांगत म्हणजे ओरडत. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे हळू बोलणे त्यांच्यापाशी उरलेच नव्हते. त्यांनी कोणाकडे प्यायला पाणी मागितले की शेजारच्या मळ्यातला गडी तांब्या घेऊन निघे.

मी तेव्हा आष्ट्याजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो आणि आण्णांच्या मळ्यातल्या एका खोलीत राहत होतो. आण्णा उसाचे मोठे बागाईतदार. लढाई संपल्यावर त्यांनी रॉकेलवर चालणारा एक जुना ट्रॅक्टर विकत घेतला आणि हवालदारांकडून तो पुरता खोलून, धुऊन पुन्हा जोडून घेतला. बहिऱ्या माणसाशी बोलायचे कोणी, हा प्रश्न होता. रोज पोरांकडून मुळाक्षरे घोकून घेतल्यामुळे माझ्या ओठांची हालचाल मोठी ठसठशीत झाली होती आणि ती हवालदारांना वाचता येई. त्यामुळे ते आले की मला हाक यायची. दुभाष्याचे काम मला बिनपगारी आणि बिनतक्रार चिकटले.

त्यांचे एक ठरलेले बोलणे होते. "मास्तर, माणसाचं खोटं सांगा येक डाव, पर इंजिनाचं सांगू नगा." ते त्याला जागतही. शेजारच्या गावी एका पाटलांचे विहिरीवरचे इंजिन जळाले, तेव्हा दहा पाहुण्यांदेखत हवालदारांनी जाहीर केले की पाटलांच्या चिरंजिवांनी ते पाण्यावाचून दिवसभर पळवले आहे. ते अर्ध्या गावाने ऐकले. पाटलांनी त्यांना पुन्हा बोलावले नाही. हवालदारांना त्याचे काही वाटल्याचे दिसले नाही, पण त्यांची गिऱ्हाइके अशी एकेक करून गळत होती हे खरे.

कान गेलेल्या माणसाला कायमचे काम कोण देणार? सांगलीच्या एका कारखान्याने त्यांना दारातूनच परत पाठवले होते. बायको आणि मुलगी कोरेगावकडे सासुरवाडीला पडून होत्या, आणि हे आष्ट्यात कोणाच्या तरी गोठ्याशेजारी भाड्याने राहत होते. अशात आण्णांनी दुसरा ट्रॅक्टर घ्यायचे ठरवले. दोन्ही यंत्रे आणि विहिरींवरची इंजिने हवालदारांच्या ताब्यात द्यायची, मळ्यात दोन खोल्या द्यायच्या, असे त्यांनी माझ्या तोंडून हवालदारांना सांगितले. मग हवालदारांनी विचारले, "चूल मांडाय जागा हाय का तितं?" मी मान हलवली. पुढे महिनाभर ते येतील तेव्हा त्या रिकाम्या खोल्यांत एक चक्कर मारूनच कामाला लागत.

उसाच्या सुरू लागणीसाठी नांगरट चालू होती आणि ट्रॅक्टरच्या तेलाचा दाब दाखवणारा काटा खाली आला. इंजिन तापले की काटा पार तळाला जाई. ट्रॅक्टर चालवणाऱ्या धोंडीने घाबरून यंत्र बंद केले. तेल फिरत नसेल तर इंजिन आतल्या आत झिजून जाते, एवढे त्याला ठाऊक होते. आण्णांना वेगळाच संशय आला. धोंडीने चांगले तेल विकून हलके घातले असावे, असे ते चारचौघांत बोलले. धोंडीचे तोंड उतरले.

हवालदार आले. आण्णांचे म्हणणे मी त्यांना सांगितले, तर त्यांनी हातानेच ते बाजूला सारले. "आदी काट्याला इचारू. काटाबी म्हातारा हुतो." काट्याकडे जाणारी बारीक नळी त्यांनी सोडवली आणि इंजिन चालू करायला लावले. नळीतून तेलाची चिळकांडी उडायला हवी होती. ते नुसते ठिबकत राहिले. म्हणजे काटा खरे सांगत होता. मग त्यांनी आतल्या तेलाची पातळी पाहिली. ती कमी नव्हती, उलट चार बोटे जास्तच होती. अशा इंजिनात न जळलेले रॉकेल खाली उतरून तेल पातळ करते, म्हणून त्यांनी तेल बोटांवर घेऊन हुंगले. रॉकेलचा वास नव्हता. तेल पातळही नव्हते, बोटांना चिकटत होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि काठी दातांत धरली. बराच वेळ ते तसेच उभे होते. आतली बेअरिंगे वाजत नव्हती. "काळीज साबूत हाय," ते ओरडले, "नरडं धरलंय कुणीतरी."

तेल काढून त्यांनी खालची टाकी उतरवली. धोंडीला आण्णांनी हाक मारून नेले होते, त्यामुळे ट्रॅक्टरच्या छपरात आम्ही दोघेच होतो. पंप जिथून तेल ओढतो तिथे तारेची एक गाळणी असते. ती तांबूस, चिकट थराने पार लिंपून गेली होती, काकवी कढईत करपावी तशी. हवालदारांनी तो थर नखाने खरवडून माझ्या नाकाशी धरला. जळक्या करडईच्या तेलाचा वास आला. मग त्या चिकट्यातून त्यांनी पानाचा एक तुकडा ओढून काढला. जाड, लवदार पान. ते रुईचे होते.

मला सगळे एकदम कळले. दसऱ्याला यंत्राची पूजा झाली तेव्हा धोंडीने ट्रॅक्टरच्या तोंडावर शेंदराने मारुती काढला होता. आण्णांच्या आई, जिजी, गुडघे धरल्यापासून ओढ्यापलीकडच्या मारुतीला जाऊ शकत नव्हत्या. त्यांचा धाकटा मुलगा सदाशिव पलटणीत गेला होता. लढाई संपली, गावची बाकीची पोरे परतली, त्याचा मात्र काही पत्ता नव्हता. शनिवारी जिजी काठी टेकत या मारुतीपाशी येऊन हात जोडतात, हे मळ्यात सगळ्यांना माहीत होते. मारुतीला वाहायचे वाटीभर तेल त्या कोठे घालतात, हे कोणी पाहिले नव्हते. यंत्राला तेल घालायचे तोंड मारुतीच्या वरच होते आणि त्याच्या कडेला शेंदराची बोटे उमटलेली होती.

मी हवालदारांना हळूहळू, ओठ ठळक करत, सदाशिवाचे सांगितले. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. समोर सोप्यात जिजी वाती वळत बसल्या होत्या. हवालदारांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि स्वतःच्या तोंडावर तेलकट हात दाबून धरला. दुसऱ्या हाताने त्यांनी माझ्या तोंडाकडे बोट केले. मी मान हलवली. रुईचे पान त्यांनी मुठीत चुरगाळून टाकले.

थोड्या वेळाने आण्णा आले. मागे धोंडी होता. कशाने झाले, असे आण्णांनी विचारले. ते माझ्यामार्फत विचारायची गरज नव्हती.

"चूक माजी," हवालदार म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे सगळ्या मळ्याने ते ऐकले. "मागं खोललं तवा गाळणी धुवायची राह्यली. धोंडीचा दोष न्हाई."

आण्णा भले गृहस्थ होते, पण गाळणी धुवायला विसरणाऱ्या माणसाच्या हाती दोन यंत्रे द्यायला ते धजले नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही धजलो नसतो. पुढच्या महिन्यात सांगलीहून एक तरुण फिटर आला आणि त्या दोन खोल्यांत राहू लागला. त्याच्या बायकोने चूल मांडली तेव्हा मला फार वाईट वाटले. मी शब्द दिला होता, म्हणून गप्प राहिलो.

जाण्याआधी हवालदारांनी दोन कामे केली. तेलाच्या तोंडाला पट्टी ठोकून कुलूप घातले आणि छपराबाहेर, लिंबाच्या बुडाशी, एक धोंडा रोवून त्याला शेंदूर फासला. मग सोप्यासमोर उभे राहून त्यांनी जिजींना सांगितले, "आवं जिजी, त्या गाडीत मारुतीला लय उकडत हुतं. आता सावलीला बसवलाय. तेल हितंच घाला." जिजींना ते पटले. त्या मरेपर्यंत तिथेच तेल घालत होत्या.

जिजी गेल्यावर, दिवसकार्य पार पडल्यावर, मी आण्णांना सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सांगलीला गेलो. हवालदार विश्रामबागेच्या वाटेवर एका छपराखाली मालमोटारींची कामे करत होते, रोजंदारीवर. बायको-मुलगी अजून कोरेगावकडेच होत्या. ती आमची शेवटची भेट. आण्णा माझ्यासारखेच ओठ ठळक करून बोलले. आपल्याला कळले आहे म्हणाले, कामावर या म्हणाले, आणि मग विचारले, "त्या दिवशी मला बाजूला घेऊन खरं का सांगितलं नाही? मी काय आईला रागावलो असतो?"

हवालदारांनी कामाचा विषय हातानेच बाजूला सारला. "धाकल्याचं काय कळलं?" त्यांनी विचारले. आण्णांनी नकारार्थी मान हलवली.

हवालदारांनी हात पुसले. आणि लढाईनंतर बहुधा पहिल्यांदाच, त्यांचा आवाज इतका खाली आला की आम्हाला पुढे वाकून ऐकावे लागले.

"तुमी रागावला नसता, आण्णा. पर आज ना उद्या तिला कळलंच असतं. मग पोरगं आलं न्हाई तवा ती म्हणली असती, माजंच तेल चुकलं."