कॅम्पातला स्पेशल राइस आणि वहिनींचा हात

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. साधी भाताची गोष्ट आहे — हसलात तरी चालेल, मलाही आधी हसूच येतं. पण हसून झालं की मग लाज वाटते, त्याचं काय करायचं?

तेव्हा मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकून होतो. लग्न व्हायचं होतं. अण्णा आणि वहिनींकडं राहायचो. मालकांच्या कागदपत्रांसाठी महिन्यातून एकदा तरी बेळगावला जावं लागे. आणि आमच्या गल्लीत रीत अशी, की बेळगावहून आलेल्याला काम झालं का हे कुणी विचारत नसे. काय खाल्लं, हे आधी.

कॅम्पात एक हॉटेल होतं. लष्करातले साहेब लोक बायकामुलांना घेऊन यायचे तिथं. बाहेरून मी ते कितीदा पाहिलं असेल! एकदा पगार नुकताच खिशात पडला होता — शिरलो आत. कार्डावर फ्राइड राइस होता आणि त्याच्याखाली स्पेशल फ्राइड राइस, किंमत जवळजवळ दुप्पट. साधा मागवायला मला लाज वाटली. कुणाची? वेटरची! ज्याला मी परत कधी दिसणारही नव्हतो.

भात आला तो वाटी पालथी घातल्यासारखा, चिनी मातीच्या बशीत, वर काजू आणि टोकाला एक लाल चेरी. दिसायला देखणा. चवीला... आता खरं सांगायचंच ठरवलंय तर सांगतो. कोमट होता, पुळचट होता. कोबी होता, गाजर होतं, काळ्या सॉसचा वास होता, आणि मधेच ती गोड चेरी. वहिनी सकाळी शिळ्या भाताला शेंगदाणे, कढीपत्ता नि लाल मिरची घालून फोडणी देत, त्याच्या जवळपासही तो भात नव्हता. पण आठवड्याच्या बाजाराचे पैसे मी त्यात घातले होते. एवढे पैसे देऊन कुणी वाईट म्हणतो का?

संध्याकाळी कट्ट्यावर मी त्या भाताचं असं वर्णन केलं, की पोरं खेळायची थांबली. फक्त शेजारचे बापू डुलले नाहीत. ते म्हणाले, "एवढं पैसं? भातच न्हवं का रं त्यो?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "बापू, तुम्हास्नी न्हाय कळायचं. तसला भात आपल्याकडं कुणाच्या हातनं व्हायचा न्हाय."

वहिनी दारात उभ्या होत्या.

त्यांना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी पदर खोचला आणि मला विचारून विचारून सगळं काढून घेतलं — काय काय होतं, केवढं चिरलेलं होतं, शीत मोकळं होतं का. पुढच्या खेपेला सॉसची बाटली मीच आणून दिली. एका रविवारी त्यांनी तो भात केला. बापू वाटी घेऊन मुद्दाम आले होते.

मी पहिला घास घेतला. हुबेहूब तोच! गरम होता, एवढाच काय तो फरक — म्हणजे हॉटेलातल्यापेक्षा चांगलाच. एकदा नुसतं ऐकून!

"तसा झालाय का, भावजी?"

बापू माझ्या तोंडाकडं बघत होते. मी 'व्हय' म्हटलं असतं तर ते लगेच म्हणाले असते, मग ह्याच्यासाठी पगार उधळून आलतास व्हय रं? गल्ली मला दिवाळीपर्यंत सोडत नव्हती. मी डोळे मिटले. घास तोंडात घोळवला. आणि म्हणालो — "न्हाय वहिनी. तसा न्हाय."

"काय कमी पडतंय?"

"सांगता येत न्हाय. कायतरी."

हे 'कायतरी' शोधण्यात वहिनींची वर्षं गेली. तूप घालून झालं, तांदूळ बदलून झाला, निखाऱ्यावर धुरी देऊन झाली. एकदा अननस घातला, तेव्हा अण्णा ताटावरून उठून झोपायला गेले. मी सगळं खाल्लं. आणि काय सांगू — तो भात सुधारतच गेला! पाहुणे तो मागून घ्यायचे. अशा वेळी वहिनी माझ्याकडं बघत, आणि मी मान हलवी. जवळ आलाय, अजून थोडं.

इथवर सगळी गंमतच आहे. पुढचं सांगायला मी एवढा वेळ घोटाळतोय.

वहिनींना स्वतःचं काहीतरी चालवायचं होतं. हे घरात एकट्या मलाच ठाऊक होतं, कारण त्या मलाच बोलल्या होत्या. वखारीत कामाला येणाऱ्या बायका आणि हमालांसाठी कँटीन काढायचं ठरलं, तेव्हा मालक स्वतः आमच्या घरी आले. तुमच्या हातचं जेवलोय, म्हणाले, तुम्हीच घ्या चालवायला. वहिनींचं तोंड उजळलं. आणि लगेच उतरलंही.

"मला एक भात जमंना झालाय, मालक. कँटीन कुठलं जमतंय? भावजींना इचारा की."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं — पहिल्याच दिवशी जमला होता. मी काय केलं? चहा गार होता, तरी बशीत ओतून फुंकत बसलो.

कँटीन चिकोडीच्या एका माणसाला मिळालं. त्याची उसळ रोज करपायची. मी रोज खायचो.

पुढं वहिनींचा मुलगा बेळगावात नोकरीला लागला. पहिल्या पगारात आईला कुठं न्यावं त्यानं? त्याच हॉटेलात! मी पुष्कळ आडवळणं घेतली, डोसा खाऊ म्हणालो. कुणी ऐकलं नाही. स्पेशल आला. तीच पालथी वाटी, तीच चेरी. वहिनींनी घास घेतला आणि थांबल्या. माझा हात बशीवरच राहिला.

मुलाला त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "लई झ्याक हाय रं." मग माझ्याकडं झुकून, कुणाला ऐकू जाणार नाही असं, "भावजी, ह्यांचा आचारी बदललाय वाटतं."

"व्हय वहिनी," मी म्हणालो. "कवाच बदललाय."

त्यांना माझी कीव आली. खरंच आली, डोळ्यांत दिसली. "म्हंजे तुमचा त्यो भात गेलाच की. असू द्या, मी करीन. चव ध्यानात हाय न्हवं?"

"हाय," मी म्हणालो.

त्या रविवारी त्यांनी केला. अजूनही करतात; या मागच्या रविवारीही केला. मी दोनदा वाढून घेतला आणि म्हणालो — जवळ आलाय वहिनी, अजून थोडं.