शंकरपाळ्याच्या आकाराचं चिंगम

मी तोंडाची फटकळ आहे. कुणाचं कौतुक करायची वेळ आली की माझी जीभ जड होते. त्यातून जावेचं कौतुक जावेनं करायचं, असं आमच्या धामणगाव बढ्यात मी तरी कधी ऐकलेलं नाही. पण ही गोष्ट माझ्या थोरल्या जावेच्या कौतुकाचीच आहे, त्याला माझा इलाज नाही.

आमची घरं दोन आणि अंगण एक. एका घरात मी आणि माझे यजमान, दुसऱ्यात जाऊ आणि आमचे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. वावरात दोघा भावांची मिळून मिरची, वांगी, मेथी. भासऱ्यांशी मी समोरासमोर बोलत नाही, आमच्या घरची रीत तशी. त्यांना काही सांगायचं असलं की मी जावेकडे तोंड करून पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलते, आणि ते जावेकडे बघून मला उत्तर देतात. वर्षानुवर्षं आमची भांडणंसुद्धा अशीच झाली आहेत.

भासऱ्यांना पुडीचं, म्हणजे गुटख्याचं व्यसन. सकाळी चहाच्या आधी पुडी, जेवल्यावर पुडी, वावरात जाताना गालात पुडी. कुणी काही म्हटलं की हसायचे. मग हळूहळू त्यांना तिखट सोसेना. ज्या माणसानं जन्मभर मिरची पिकवली तो साध्या वरणाची फोडणी लागली तरी पाण्याचा तांब्या शोधायचा. पुढं तोंडच उघडेना. भाकरीचा घास बारीक करून दातांच्या फटीतून आत सरकवायचे. जाऊ मुकाट्यानं भाकर दुधात कुस्करून द्यायला लागली. मला तर बघून चीड यायची. एवढा उभा-आडवा गडी आणि पोरासारखा कालवलेला घास खातो.

शेवटी जाऊ त्यांना घेऊन मलकापूरला दातांच्या डॉक्टरकडे गेली. सोबत मीही गेले, कारण हिला डॉक्टरांना प्रश्न विचारता येणार नाहीत असं मला वाटत होतं. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी भासऱ्यांना त्यांचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दीड बोट गेलं. डॉक्टर म्हणाले, "आतली कातडी ताठ होत चालली आहे. पुडी आजपासून बंद केली, व्यायाम केला, तर थोडंफार सुटेल. नाही केली तर तोंड असंच मिटत जाईल, आणि पुढे याच तोंडात काय होऊ शकतं ते तुम्हालाही माहीत आहे." औषध दिलं. आइस्क्रीमच्या काड्या दातांमध्ये एकावर एक ठेवून तोंड ताणायचा व्यायाम दाखवला. आणि तलफ आली की बिनसाखरेचं चिंगम चघळा म्हणाले, जबडाही हलता राहतो.

जावेनं एकही प्रश्न विचारला नाही. दवाखान्यातून उतरली आणि समोरच्या दुकानातून मिळतील तेवढ्या जातीची चिंगमं घेतली. एस.टी.त पिशवी मांडीवर धरून बसली होती.

एकही चाललं नाही. थंड पुदिन्याच्या चिंगमानं त्यांचं सोललेलं तोंड पेटायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. गुलाबी चिंगमाला लहान मुलांच्या गोळ्यांसारखा वास. आणि सगळ्यांत मोठी अडचण निराळीच होती. भासरे जावेला म्हणाले, "पोट्टे खातात ते मी पारावर बसून चावू? लोक काय म्हनतीन?"

मी चुलीजवळून मोठ्यानं म्हटलं, "बाई, लोकायले पुडीच्या पिचकाऱ्या दिसत नाई, चिंगम बरं दिसते."

ते जावेकडे बघून म्हणाले, "तिले सांग, तिनं तिचं पाहावं."

पुढच्या आठवड्यात सदरा धुताना जावेला खिशात फाटक्या पुड्या सापडल्या. मी तर भांडायला पदर खोचूनच बसले होते. ती भांडली नाही. पुड्या चुलीत टाकल्या, हात धुतले, आणि मला विचारलं, "काऊन व, हे चिंगम बनवतात तरी कशाचं?"

"मले काय माहीत? डिंकाचं असंन."

झालं. माझ्या एका उत्तरावर तिनं बाभळीचा डिंक काढला, बाळंतिणीच्या लाडवांसाठी ठेवलेला. तुपात न तळता गुळाच्या पाण्यात शिजवला, वड्या पाडल्या. चवीला झकास. पण तोंडात टाकला की विरघळून घोट होऊन जायचा. भासऱ्यांनी दोन वड्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. जाऊ म्हणाली, "हा खाऊ झाला. चिंगम नाई झालं."

मग मी माझ्या लेकीला फोन लावला, ती पुण्याला असते. ती म्हणाली, पूर्वी चिंगम चिकूच्या झाडाच्या दुधाचं करायचे. दूर देशी जंगलात झाडाला चरे पाडून दूध गोळा करायचे आणि कढवायचे. आमच्या विहिरीवर चिकूचं झाड आहे. जावेनं फोन संपायची वाटही पाहिली नाही. विळा घेऊन गेली, खोडाला चरे पाडले, वाटी लावून बसली. दिवसभरात वाटीचा तळ झाकला. ते पांढरं दूध तिनं कढवलं, घट्ट गोळा झाला, आणि दुसऱ्या कुणाला देण्याआधी स्वतःच्या तोंडात टाकला. वरच्या दाढा खालच्या दाढांना चिकटल्या. बोलता येईना. हातवारे करून मला तेल मागत होती आणि मी पोट धरून हसत होते. भासरेही हसले, ओठ मिटूनच, नाकातून. हसताना तोंड उघडायची त्यांची सोय राहिली नव्हती. ते पाहिलं आणि माझं हसू गेलं.

तिसऱ्या खेपेला गहू. लहानपणी खळ्यावर आम्ही सगळ्यांनीच मूठभर कच्चे गहू चघळलेत. पीठ पोटात जातं आणि तोंडात रबरासारखा गोळा उरतो. जावेनं त्याचं शास्त्रच केलं. कणीक घट्ट मळली, पाण्याखाली धूत राहिली. पांढरं पाणी जाऊन हातात लवचीक गोळा राहिला. त्यात बडीशेपेची पूड घातली. हे भासऱ्यांनी बऱ्यापैकी चघळलं. पण जरा वेळानं त्याचा चोथा व्हायचा. ते म्हणाले, "कच्ची पोळी चावून राह्यलो असं वाटते." त्या संध्याकाळी ते पारावरून आले ते गालात पुडी घेऊनच.

मी तर हात टेकले. तिला स्पष्ट सांगितलं, "सोड आता. ज्याले स्वतःच्या तोंडाची पडली नाई त्याच्यासाठी तू काऊन मरून राह्यली?"

ती म्हणाली, "त्यायले पडली नाई म्हनून तं मले पाह्यनं पडते." आणि माझा मोबाइल मागितला.

मोबाइलवर चिंगमच्या कारखान्याचा व्हिडिओ होता. आम्ही दोघी ओट्यावर बसून पाहत होतो. आधी पांढरा, मेणासारखा दिसणारा पदार्थ वितळवतात आणि गाळतात. मग मोठ्या कढईसारख्या यंत्रात तो मळला जातो. त्यात गोड पावडर, पाक, मऊपणासाठी ग्लिसरीन, शेवटी वास आणि रंग. मळून झालं की त्याची जाड चादर निघते. ती रुळांखालून जात पातळ होत जाते, चिकटू नये म्हणून वरून गोड पिठी भुरभुरतात, मग रेघा पाडतात आणि थंड हवेत निवांत मुरू देतात. तुटण्याजोगी झाली की पट्ट्या करून कागदात गुंडाळतात. मी माझ्या आयुष्यात रस्त्यावर थुंकलेल्या चिंगमाला नाकं मुरडली होती. एवढीशी पट्टी, पण तिच्यामागं केवढी उस्तवार. त्या कारखानेवाल्यांना मी तिथल्या तिथे मानलं.

जाऊ डोळे बारीक करून बघत होती. म्हणाली, "हे तं पापडच व्हय. मळनं, लाटनं, पिठी लावनं, वाळवनं. फक्त ते पांढरं कायचं हाये ते सांग."

ते पांढरं म्हणजे चिंगमचा पाया. लेकीनं सांगितलं की हल्ली तो कारखान्यात करतात, रबराचा आणि प्लॅस्टिकचा चुलतभाऊ समज, पण खाण्याच्या प्रतीचा. चघळायचा, गिळायचा नाही. माझ्या अंगावर काटा आला. जाऊ म्हणाली, "पुडीत काय काय असते ते कोनं इचारलं होतं? मागव."

लेकीनं मागवला. साबुदाण्यापेक्षा मोठे पांढरे दाणे आले, सोबत बिनसाखरेची गोड पावडर. ग्लिसरीनची बाटली औषधाच्या दुकानातून आणली. पुदिना नाही, लवंग नाही, झोंबेल असं काहीच नाही. जावेनं बडीशेप, वेलदोडा आणि ज्येष्ठमध वस्त्रगाळ केलं. उकळत्या पाण्यावर पातेलं ठेवून दाणे वितळवले. पहिला घाणा इतका थंड होऊ दिला की त्याचा दगड झाला. दुसरा पोळपाटाला, लाटण्याला आणि माझ्या बांगड्यांना चिकटला. मी तोंड सोडलं. तिसऱ्या घाण्याला तिनं गोळा गरम असतानाच हातात घेतला, तळव्यांना तेल, खाली गोड पिठी, आणि पापडाच्या पिठासारखा ओढून ओढून मळायला लागली. तळहात लालबुंद झाले. मी म्हटलं, निवू दे जरा. तर म्हणाली, "निवलं की आयकत नाई ते." लाटून पातळ पोळी केली, कातण्यानं शंकरपाळे कापले, फडक्याखाली झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी एक तोंडात टाकला. चघळत गेले, चघळत गेले, तो काही संपेना. बडीशेपेचा वास, मागून ज्येष्ठमधाचा गोडवा. खरं सांगते, मला दुकानातल्यापेक्षा तो आवडला. जावेसमोर मी एवढंच म्हटलं, "बरं जमलं." तिला तेवढं पुरलं असावं.

तिनं ते शंकरपाळे कागदात मुरड घालून बांधले, आणि ज्या खिशात पुड्या असायच्या त्याच खिशात ठेवले. पारावर कुणीतरी विचारलंच, काय खाऊन राह्यले? भासरे म्हणाले, "घरचं हाये." आणि त्यालाही एक दिला. घरचं म्हटल्यावर लाज कुठच्या कुठे गेली. चार जण मागायला लागले. मला हसू यायचं, या माणसांनी चिंगम खायला ते आधी घरच्या पोळपाटावरून यावं लागतं.

पुडी एका दिवसात सुटली असं मी म्हणणार नाही. मधे दोनदा घसरले. चिडायचे, ताट सरकवायचे, झोपायचे नाहीत. डॉक्टरांनीही पुढच्या खेपेला सरळ सांगितलं की नुसत्या चिंगमानं तोंड सुटत नसतं, पुडी थांबल्यानं आणि काड्यांच्या व्यायामानं सुटतं. जाऊ म्हणाली, तेच तर करून घेते. रोज दिवेलागणीला ती त्यांच्यासमोर काड्या घेऊन बसायची. एक काडी वाढवायची झाली की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ती काडी पुढे धरून बसून राहायची, बोलायची नाही. मी असते तर दहा वेळा ओरडले असते. तिच्याएवढा धीर माझ्यात नाही, आणि हे लिहून ठेवायला मला काहीच कमीपणा वाटत नाही.

मिरचीचा तोडा झाला तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ. आम्ही दोघी अंगणात देठ खुडत बसलो होतो. भासरे वावरातून येऊन बाजेवर टेकले होते. त्यांना जांभई आली. आधी नेहमीसारखे ओठ आवळले गेले, आणि मग ते तोंड उघडतच गेलं. मोठी, आवाज करत, डोळे मिटून दिलेली जांभई. पूर्वी ते द्यायचे तेवढी नव्हे, पण जांभईच. संपल्यावर ते स्वतःच जबडा चाचपत बसले.

जावेचा हात ढिगातच थांबला होता. ती म्हणाली, "अजून एकडाव द्या."

"जांभई काय मागून येते व?" भासरे म्हणाले.

त्यांना आली नाही, पण तिला आली. तिनं भासऱ्यांच्या समोर, तोंडावर पदर न घेता, चांगली लांबलचक जांभई दिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांचं तोंड मिटत गेल्यापासून ती त्यांच्यापुढे कधी जांभईसुद्धा देत नव्हती. आली की उठून घरात जायची, आणि मी समजायचे की बाईला चुलीवरचं काही आठवलं.