दोन तंतू आणि एक सदरा

‘अहो, याच्या सदऱ्याचं सूत वितळलेल्या प्लास्टिकात पडलं, अन् याले वाटलं, शोधच लागला!’

प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर उभी हयात काढलेले माझे एक सहकारी ही कथा निवृत्तीनंतरही सदर भागातल्या प्रत्येक चहापानात सांगतात. मी ती हसून सोडून देतो, अशी पुस्ती ते जोडतात. तीही खोटी, मी दर वेळी भांडलो आहे. परंतु आता त्या प्रयोगाचे छायाचित्र विभागात लागणार आहे आणि त्याखालच्या पाटीवर ‘योगायोगाने’ हा शब्द येऊ घातला आहे. म्हणून हे लेखी.

वितळलेले प्लास्टिक निवताना त्यात स्फटिक कोठेही, विखुरलेल्या फुलांसारखे उमलतात, हे मी सूक्ष्मदर्शकाखाली रोज पाहत असे. एकदा इतवारीच्या बाजारात दोऱ्यावर धरलेली खडीसाखर घेताना मनात आले : दोरा साखरेला बसायला जागा देतो, तर सूत प्लास्टिकला का देणार नाही? आमचे घर विणकराचे, सुताला तोटा नव्हता. रविवारी सकाळी मी ते शेगडीवर उकळत ठेवले.

‘काहून गा, सुताचा चहा करून राहिला का?’ आईने विचारले.

‘सुताची खळ काढतो आहे.’

‘खळ चढवता चढवता तुझ्या बापाचे हात झिजले, अन् तू काढून राहिला!’

सोमवारी मी एकाच काचपट्टीवर दोन तंतू ठेवले, एक कांजीची खळ धुतलेला, दुसरा खळीसकट. त्यांवर प्लास्टिक वितळवले आणि निवू दिले. धुतलेल्या तंतूवर स्फटिक बाटली घासण्याच्या ब्रशाच्या केसांसारखे दाटीने उभे राहिले. खळीच्या तंतूवर तुरळक. मी आनंदाने ओरडलो. त्याच सहकाऱ्यांनी भिंगात डोकावून पाहिले आणि फर्मावले, ‘सदरा झटकत जा गा, सूत पडलं त्यात!’

त्या दिवशी माझ्या अंगात हातमागाचा सदरा होता, हे मला मान्य आहे. त्याचे सूत गळे, हेही मान्य.

आजच्या विभागप्रमुख बाई माझ्याच विद्यार्थिनी. काल त्यांनी विचारले, ‘सर, पाटी उद्या करायला टाकते आहे. तुमच्या बाजूने काही पुरावा आहे?’

मी कपाटातून ती काचपट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली. तिच्यावरच्या दोन्ही तंतूंची चारही टोके डिंकाने चिकटवलेली आहेत.