फरशीवरची पोती

मी एका बाईवर खोटा आळ घेतला आणि तिचं बिऱ्हाड उठलं. हे गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं—बायकोलासुद्धा नाही.

माझं लग्न व्हायचं होतं. भोरात कचेरीत कारकून होतो, एका खोलीत राहायचो. मागं सामाईक अंगण, पण सगळी दगडी फरशी. झाड लावणार कुठं? शेजारच्या सोनाबाईंनी वाट काढली होती. गोणपाटाची पोती अर्ध्यावर दुमडायची, माती-शेणखत भरायचं, भिंतीकडेला मांडायची. त्यांत मेथी, वांगी, मिरची. नवरा एस.टी.त कामाला, बौद्ध कुटुंब, नुकतंच राहायला आलेलं. त्यांचं पाहून मीही वाण्याकडून रिकामी पोती आणली, मिरची लावली.

त्यांची मिरची तरारली. माझी करपली. पुन्हा रोपं लावली—पुन्हा तेच. एकच अंगण, एकच ऊन, मग असं कसं? कुणीतरी काहीतरी करत असणार—दुसरं काय?

"भाऊसायेब, तुमची मिरची रुसली जनू! लगीन करा, बाईचा हात लागला की हसंल," सोनाबाई एकदा म्हणाल्या. मी हसलो. खोलीत आल्यावर मात्र त्या थट्टेत काळंबेरं दिसू लागलं.

मग मी काय केलं? फिरतीवर वेल्ह्याला चाललोय असं सगळ्यांना सांगितलं, पुढं कुलूप लावलं, मागल्या दारानं आत आलो आणि खिडकीची फळी किलकिली करून बसलो. सकाळी सोनाबाई माझ्या पोत्यांवर वाकल्या. हातात तांब्या. तांब्यात काय होतं? बाहेर येऊन विचारता आलं असतं—पण मला उत्तर कुठं हवं होतं?

घरमालकांना सांगितलं, "तिनं धुण्याच्या सोड्याचं पाणी ओतलं. मी डोळ्यांनी पाहिलं."

डोळ्यांनी! मालकांनी उलट एक प्रश्न केला नाही. करणार नाहीत, हे मला ठाऊक होतं का? होतं. माझ्या जातीच्या बिऱ्हाडावर मी हा आळ घेतला असता का? नसता. त्यांना भोरात दुसरी खोली मिळणं किती अवघड, हेही ठाऊक होतं. मालकांनी खोली सोडायला लावली आणि ती माणसं किकवीला, सोनाबाईंच्या भावाकडं गेली. भरली पोती तिथंच राहिली.

पुढं उन्हाळ्यात मी माझी पोती रिकामी केली. वाळलेल्या गोणपाटावर पांढरा थर. बोट लावून जिभेवर ठेवलं—मीठ. वाण्यानं मिठाची पोती दिली होती आणि मी ती न धुताच माती भरली होती.

तेव्हा मालकांकडं जायला हवं होतं. किकवी तरी काय लांब होती? मी पोती नदीत सोडली आणि गप्प बसलो—पोरं मोठी होईपर्यंत गप्प बसलो.

गेल्या महिन्यात किकवीला उतरलो. सोनाबाईंनी ओळखलं, पाणी दिलं. मी मिठाचं सांगितलं, मालकांकडं काय बोललो तेही सांगितलं.

"साधं पानी व्हतं त्यात," त्या म्हणाल्या. "तुमी येल्ह्याला गेलाय, झाडं सुकतील म्हनून घातलं." मग एकदम माझ्याकडं बघितलं. "मंजी—तुमी आतच व्हता?"

"आतच होतो," मी म्हणालो. "बघत होतो, आणि तरी खोटं बोललो. खरं कळल्यावरही आलो नाही. तुमचं घर मी उठवलं. माझं चुकलं, सोनाबाई."