ताईचे दोन मास्क

ताई गेली तेव्हा मी काशीत मणिकर्णिका घाटावर दुसऱ्याच कुणाचे विधी सांगत होतो. भाच्याचा फोन आला... मंत्र अर्ध्यावर राहिला. पुरोहिताला मरणाची सवय असते म्हणतात. साफ खोटं आहे.

ब्रह्मा घाटावरच्या आमच्या भिक्षुकांच्या घरातून ताई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला जायची आणि संध्याकाळी माझ्या पंचांगाची टर उडवायची. "तुझी भद्रा संपली की सांग, चाय टाकते." माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, त्यामुळे तिचंच चालायचं. मग तिच्या मानेतली गाठ लिम्फोमाची निघाली. केमोच्या सगळ्या फेऱ्या संपल्या, गाठ जागची हलली नाही. डॉक्टर म्हणाले, औषधाला दाद न देणाऱ्या पेशी कधीकधी रेडिएशनच्या किरणांपुढे विरघळतात. कधी किरणांनाही पुरून उरतात. दिल्याशिवाय कळत नाही, पण उशीर नको. किरण घेताना मान हलू नये म्हणून त्यांनी प्लास्टिकची गरम, मऊ जाळी तिच्या चेहऱ्यावर नि मानेवर दाबून कडक मास्क केला. सोमवारी सुरुवात होती.

मी घरी येऊन पंचांग उघडलं. सोमवारी पितृपक्ष लागत होता. "ताई, पितरांच्या पंधरवड्यात नवं काही नको. सर्वपित्री होऊ दे."

"पागल आहेस तू," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून, "बरं. तुझी तसल्ली होऊ दे."

आजाराला मुहूर्त लागत नाही, हे मीच यजमानांना शंभरदा सांगितलंय. पण ताईनं जन्मात एकदा माझं ऐकलं होतं, त्या आनंदात मी होतो.

सर्वपित्रीनंतर मास्क मानेशी बसेना, गाठ वाढली होती. तंत्रज्ञ "माताजी, हिलिए मत" म्हणत दाबत राहिला, ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी दुसरा मास्क केला. आणि किरणांनी गाठ लोण्यासारखी विरघळली! तिसऱ्या आठवड्यात मास्क मानेशी सैल झाला, मी गल्लीभर पेढे वाटले. पुढच्या तपासणीत पोटात गाठी दिसल्या. त्या पंधरा दिवसांनी फरक पडला का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "अब वो मत सोचिए," म्हणून त्यांनी फाइल मिटली. ताईनं मला एकदाही बोल लावला नाही. लावायला हवा होता.

भाचा म्हणतो, मामा, ते मास्क गंगेत सोड. मी देवघराच्या खुंटीला टांगलेत. पूजा झाली की पहिला दुसऱ्यात घालून बघतो. कपाळ, नाक, हनुवटी तंतोतंत जुळतात. मानेशी मात्र दोन्हींच्या मध्ये माझं बोट जातं.